स्कॅनर (दुकानातील)

स्कॅनर : दुकानात, हातगाड्यावर किंवा टपरीवर पैसे घेण्यासाठी लावलेल्या क्यूआर कोडच्या फलकाचे बोलीतले नाव. अहमदपूर-लातूर-नांदेड पट्ट्यात आणि बाहेरही ते रूढ आहे. खरे तर नाव उलटे पडले आहे. स्कॅन करतो तो गिऱ्हाइकाचा मोबाइल, फलक हा नुसता छापील चौकोन. तरी ‘मामा, स्कॅनर हाय का?’ असेच विचारले जाते आणि तोच शब्द येथे घेतला आहे.

क्यूआर कोड १९९४ मध्ये जपानच्या डेन्सो कंपनीत मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी तयार झाला. मजकुरावरून काढलेली काही जादा माहिती त्यात मुद्दाम भरलेली असते, त्यामुळे थोडा भाग खराब झाला तरी तो वाचता येतो. भज्यांच्या कढईशेजारचा तेलकट फलक चालतो तो यामुळे. दुकानावरच्या कोडात पैसे घेणाऱ्याचा यूपीआय पत्ता आणि नाव असते. रक्कम गिऱ्हाईक टाकते.

यूपीआय एप्रिल २०१६ मध्ये आले, त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जिओचा स्वस्त डेटा आणि ८ नोव्हेंबरला नोटाबंदी. जनधन योजनेमुळे (२०१४) खाती आधीच उघडलेली होती. कार्ड घासण्याच्या यंत्राला भाडे आणि दर व्यवहारामागे शुल्क लागे, म्हणून ते चहाच्या टपरीपर्यंत कधी पोचलेच नाही. छापील कोडाला वीजही लागत नाही, आणि १ जानेवारी २०२० पासून यूपीआयवर व्यापाऱ्याकडून शुल्क घेणे बंद झाले. केनियात २००७ मध्ये सुरू झालेल्या एम-पेसा या मोबाइलवरून पैसे पाठवण्याच्या सेवेत पैसे मोबाइल कंपनीकडे उघडलेल्या खात्यात राहतात. इथे ते थेट बँकेत जातात.

पैसे आले की नाही, ही अडचण मात्र उरली. दोन्ही हात पिठात असताना मोबाइल कोण बघणार? खोटा स्क्रीनशॉट दाखवून निघून जाणारेही असतात. त्यावर उतारा म्हणजे सिमकार्ड बसवलेला, रक्कम मोठ्याने सांगणारा स्पीकर. तो बहुधा महिन्याच्या भाड्याने मिळतो. दुसऱ्याच्या कोडावर आपला कोड चिकटवण्याच्या लबाडीवरही त्याचा उपयोग होतो, कारण पैसे भलतीकडे गेले तर तो गप्प राहतो.

नागरी भागातील पथविक्रेत्यांसाठी जून २०२० मध्ये सुरू झालेल्या पीएम स्वनिधी योजनेत पहिले कर्ज १०,००० रुपयांचे होते. डिजिटल व्यवहार केल्यास थोडी रोख परत मिळे. ज्याच्या धंद्याचा कागद कुठेच नव्हता, त्याच्या मिळकतीची नोंद अशी बँकेत होऊ लागली. ही नोंद दुधारी आहे. जुलै २०२५ मध्ये कर्नाटकात यूपीआयच्या आकड्यांवरून छोट्या विक्रेत्यांना जीएसटीच्या नोटिसा गेल्या, तेव्हा बंगळुरूत अनेकांनी फलक उतरवून रोखीची मागणी सुरू केली. मालविक्रीसाठी जीएसटी नोंदणीची सर्वसाधारण मर्यादा वर्षाला ४० लाख रुपयांची आहे आणि ती उलाढालीवर मोजतात, नफ्यावर नव्हे. किराणा दुकानदार घाबरतो तो इथेच.

स्कॅनरने गल्ला बदलला, वही बदलली नाही. अहमदपूरसारख्या तालुक्याच्या गावात किराणा, खत, कापड यांची बरीच विक्री उधारीवर चालते आणि उधारीची मुदत पिकाशी बांधलेली असते : ‘सोयाबीन निघालं की देतो.’ खाताबुकसारखी अ‍ॅप उधारी नोंदवतात आणि देणेकऱ्याला आठवणीचा संदेश पाठवतात. पण सोयाबीनचा भाव पडलेला असताना मोबाइलवर असा संदेश येणे म्हणजे चारचौघांत मागितल्यासारखे. तेच दुकानदार ‘काय अण्णा, यंदा उतारा कसा पडला?’ एवढे विचारून साधतो. आडतीवर माल विकल्यावर बाकी स्कॅनरवर चुकती झाली, तरी वहीतल्या त्या नावावर रेघ पेनानेच मारावी लागते.