दकियानूसचे नाणे

'दकियानूसी' हा शब्द ऐकला नाही असा मुसलमान आपल्याकडे शोधूनही सापडणार नाही. मोहल्ल्यातली तरुण पोरं तो वडीलधाऱ्यांसाठी वापरतात, सभेतले वक्ते मौलवींसाठी वापरतात आणि टीव्हीवरच्या चर्चेत तो सरसकट सगळ्या समाजाला लावला जातो. अर्थ सर्वांना ठाऊक आहे: जुनाट, बुरसटलेला, काळाच्या मागे राहिलेला. पण या शब्दाच्या पोटात एक हाडामासाचा माणूस आहे, हे मला नाणी गोळा करायला लागल्यावर कळले. तो माणूस म्हणजे रोमन सम्राट डेसियस. अरबी-फारसीत त्याचे नाव दकयानूस झाले. दकयानूसच्या काळातले ते दकियानूसी, म्हणजे फार फार जुने.

त्याचे एक नाणे माझ्याकडे आहे. ग्रीक आणि रोमन नाणी जमवणे हा श्रीमंतांचा छंद आहे असा समज आहे. सोन्याच्या नाण्यांबाबत तो खराही आहे, माझ्यासारख्या पगारदाराने तिकडे पाहूच नये. पण रोमन टांकसाळींनी इतकी नाणी पाडली, आणि संकटाच्या काळात लोकांनी ती इतकी पुरून ठेवली, की तिसऱ्या-चौथ्या शतकातली साधी नाणी आजही सामान्य माणसाच्या आवाक्यात आहेत. खोटी नाणीही तितकीच आहेत. ओतून बनवलेल्या नाण्याच्या कडेला साच्याची बारीक रेघ दिसते, भिंगाखाली पृष्ठभागावर बुडबुड्यांचे खड्डे दिसतात. म्हणून माझ्याकडे पुस्तकांच्या आधी भिंग आणि सोनाराचा काटा आला.

डेसियसच्या नाण्याच्या छाप्याच्या बाजूला त्याचा चेहरा आहे. कपाळावर आठ्या, दाढी अगदी बारीक कापलेली, डोक्यावर सूर्यकिरणांचा टोकदार मुकुट. भोवती लॅटिन अक्षरांत त्याची नावे आणि पदव्या. त्यात 'ट्राजानस' हे नाव त्याने मुद्दाम घेतलेले आहे. ट्राजान हा दीडशे वर्षांपूर्वीचा पराक्रमी सम्राट, ज्याच्या काळात साम्राज्य सर्वांत मोठे होते. काट्याच्या बाजूला एक स्त्री उभी आहे. हातातल्या शिंगाच्या पात्रातून ती नाणी की धान्य ओतते आहे, आणि शेजारी लिहिले आहे 'अबुंडान्शिया', म्हणजे सुबत्ता.

आता ही सुबत्ता कसाला लावून पाहू. या प्रकारच्या नाण्याला आजचे अभ्यासक अँटोनिनियानस म्हणतात. कॅराकॅला या सम्राटाने ते इ. स. २१५ मध्ये सुरू केले. त्याची किंमत दोन दिनारियस, पण त्यात चांदी मात्र साधारण दीड दिनारियसची. डेसियसच्या काळापर्यंत त्यात निम्मीही चांदी उरली नव्हती. त्याच्या टांकसाळीत जुने, चांगल्या कसाचे दिनारियस घेऊन त्यांच्यावरच नवा ठसा मारला जात होता. अशा एखाद्या नाण्यावर नीट पाहिले तर डेसियसच्या गालाखालून आधीच्या राजाचे नाक डोकावते! त्याच्यानंतर सतरा-अठरा वर्षांतच हेच नाणे शेकडा पाचाच्याही खाली चांदीचे, म्हणजे चांदीचा मुलामा दिलेले तांबे झाले. शिंगातून सुबत्ता ओतणारी बाई मात्र नाण्यांवर येतच राहिली. सरकारी जाहिरात म्हणून मी नाणी वाचतो ती यामुळे. राजाला जे हवे असते ते नाण्याचा ठसा सांगतो, आणि राजाकडे काय आहे ते त्याचा धातू सांगतो.

डेसियस इ. स. २४९ मध्ये गादीवर आला तेव्हा सीमेवर गॉथ टोळ्या होत्या, आत बंडे होती, तिजोरी रिकामी होती. त्याचे निदान सरळ होते: आपण जुने देव विसरलो, म्हणून हे दिवस आले. त्याच्याच कारकिर्दीत जुन्या, देवपदी बसवलेल्या सम्राटांची एक अख्खी नाणेमालिका निघाली, ऑगस्टसपासून सेव्हेरस अलेक्झांडरपर्यंत. गेलेले वैभव खिशाखिशात पोहोचवायची ही हौस. आणि २४९-५० च्या हिवाळ्यात त्याने फर्मान काढले की साम्राज्यातल्या प्रत्येकाने देवांना बळी द्यावा, प्रसादाचे मांस चाखावे आणि तसा दाखला घ्यावा.

हे दाखले सापडले आहेत. इजिप्तच्या कोरड्या वाळूत पपायरसवर लिहिलेले चाळीसहून अधिक दाखले टिकले. मजकूर जवळपास ठरावीक असतो. मी पूर्वीपासून देवांना बळी देत आलो आहे, आताही तुमच्यासमोर दिला, कृपया सही करावी. एक दाखला ७२ वर्षांच्या म्हाताऱ्याचा आहे. ओळख पटावी म्हणून त्याच्या उजव्या भुवईवर व्रण आहे अशी नोंद केली आहे. दुसरा दाखला मगरदेवाच्या पुजारिणीचा. जिचे आयुष्यच देवळात गेले तिलाही देवाला मानते असा कागद काढावा लागला! यातले बहुतेक लोक नावापुढे 'ऑरेलियस' किंवा 'ऑरेलिया' लावतात, कारण २१२ मध्ये कॅराकॅलाने साम्राज्यातल्या जवळजवळ सगळ्या स्वतंत्र माणसांना नागरिकत्व दिले आणि नव्या नागरिकांनी त्याच्या घराण्याचे नाव घेतले. आधी सर्वांना नागरिक केले, आणि चाळीस वर्षांच्या आत त्याच नागरिकांना निष्ठेचा कागद मागितला. वाचकांना यात काही ओळखीचे वाटले तर तो माझा दोष नाही.

सर्वांत जास्त भरडले गेले ते हजरत ईसांचे अनुयायी. रोमचा बिशप फाबियन जानेवारी २५० मध्येच मारला गेला. काहींनी बळी दिला, काहींनी लाच देऊन नुसता दाखला मिळवला, काही पळाले. पळालेल्यांची जी कथा पुढे जगभर गेली तीच आपल्याकडची अस्हाबे कहफची, गुहेतल्या तरुणांची कथा. जुम्याच्या दिवशी सूरह कहफ पढण्याचा रिवाज अनेक घरांत आहे. पण त्या सूरहमध्ये एक नाणे आहे हे माझ्याही ध्यानात बरेच उशिरा आले. झोपेतून उठलेले तरुण आपल्यातल्या एकाला चांदीचे नाणे देऊन शहरात पाठवतात. चांगले, पाक अन्न आणायला सांगतात, आणि सौम्यपणे, सावधपणे वाग, कुणाला सुगावा लागू देऊ नकोस, असे बजावतात. तिथे दिनार हा शब्द नाही, दिरहमही नाही. 'वरिक' आहे, म्हणजे चांदी, चांदीचा पैसा. त्याच आयतीतल्या सौम्यपणाच्या शब्दाशी कुरआनचा मध्य येतो असे परंपरा सांगते, आणि काही छापील प्रतींत तो शब्द ठळक किंवा लाल शाईत असतो.

कुरआनने त्या राजाचे नाव सांगितलेले नाही, शहराचेही नाही. ते तरुण किती होते यावर वाद घालू नका, फार थोड्यांना ते ठाऊक आहे, असेच सांगितले आहे. दकयानूस हे नाव तफसीरकारांनी आणि इतिहासकारांनी आणले, ते सीरियातल्या ख्रिस्ती परंपरेतून. सहाव्या शतकाच्या सुरुवातीला वारलेल्या याकूब सरूगी या सिरियाक कवीची या कथेवर रचना आहे. तिच्या ख्रिस्ती रूपात शहर एफेसस आहे, आजच्या तुर्कस्तानातले, आणि झोप मोडते ती दुसऱ्या थिओडोसियसच्या काळात, म्हणजे ४०८ ते ४५० च्या दरम्यान. हिशेब केला तर हे अंतर दोनशे वर्षांच्या आत बसते, आणि सूरहमध्ये तीनशे आणि वर नऊ वर्षांचा उल्लेख आहे. यावर काही मंडळी एकमेकांची डोकी फोडायला निघतात. माझ्या मते नाव ज्यांनी जोडले त्यांना हा प्रश्न विचारावा. कुरआनने ते जोडलेलेच नाही.

नाणी जमवणाऱ्याला या कथेत वेगळीच गंमत दिसते. पाचव्या शतकातल्या एफेससच्या बाजारात डेसियसचे नाणे पुढे केले तर काय होईल? मुळात चांदी पाहूनच दुकानदार चमकेल. थिओडोसियसच्या काळी मोठ्या व्यवहाराला सोन्याचा सॉलिडस चाले आणि रोजच्या भाजीपाल्याला ग्रॅमभर वजनाची, नखाएवढी तांब्याची नाणी. चांदी बाजारातून जवळजवळ उठली होती. राजाच्या डोक्यावरचा किरणांचा मुकुट जाऊन मोत्यांची पट्टी आली होती, आणि नाण्यांवर क्रूस आला होता. एफेससची स्वतःची नाणी, ग्रीक अक्षरांची आणि आर्टेमिस देवीची, तिसऱ्या शतकातच बंद पडली होती. ज्या धर्मासाठी ते तरुण लपले तो आता राजाच्याच नाण्यावर होता. हे सगळे त्या तरुणाला कुणी सांगायची गरज नव्हती, सुट्टे पैसे हातात पडताच कळले असते.

ख्रिस्ती कथेत बाजारातले लोक त्याला पकडतात ते याच कारणाने. याला पुरलेले धन सापडले आहे आणि हा ते लपवतो आहे, असा त्यांचा संशय. आपल्याकडे १८७८ चा निखात निधीचा कायदा आहे. जमिनीत दहा रुपयांहून जास्त किमतीचे धन सापडले तर कलेक्टरला कळवावे लागते. तो तरुण आपल्याकडे असता तर त्याची थेट कलेक्टर कचेरीत रवानगी झाली असती.

चांदीच्या पैशाला कुरआनात दुसरीकडे दिरहम म्हटले आहे. हजरत यूसुफ यांना मोजक्या दिरहमांना विकले गेले, ते सूरह यूसुफमध्ये. दिनार आले इम्रानमध्ये आहे. हे दोन्ही शब्द आज आपल्याला इतके इस्लामी वाटतात की अनेक जण 'शुद्ध इस्लामी दिनारा'च्या मोहिमा काढतात. दिनार हा रोमन दिनारियस, म्हणजे दहाचे नाणे. सुरुवातीला त्यात तांब्याचे दहा 'अस' येत. दिरहम हा ग्रीक द्राख्म, इराणच्या सासानी राजवटीतून अरबांकडे आलेला. द्राख्म म्हणजे मूठभर. नाणी नव्हती तेव्हा ग्रीक लोक लोखंडी सळ्या देत-घेत, आणि सहा सळ्या एका मुठीत मावत. आर्गोस इथल्या हेरा देवीच्या मंदिरात सापडलेली अशा सळ्यांची मोळी अथेन्सच्या नाणे-संग्रहालयात आहे. हाच द्राख्म ग्रीक राजांबरोबर भारतात आला, संस्कृतात द्रम्म झाला, कान्हेरीच्या नवव्या शतकातल्या लेखांत दानाच्या रकमा द्रम्मांत दिल्या आहेत, आणि मराठीत तो 'दाम' होऊन राहिला. दाम मोजणारा वाणी आणि दिरहमांत जकातीचा निसाब काढणारा मौलवी, दोघांच्या तोंडी तीच ग्रीक मूठ आहे. खलिफा अब्दुल मलिकने हिजरी ७७ मध्ये चित्राऐवजी केवळ अक्षरे असलेला दिनार काढला. त्याआधी काही दशके मुसलमान बाजारात रोमन आणि इराणी ठशांचीच नाणी चालली, आणि कुणाचा ईमान त्यामुळे बुडाला नाही.

डेसियसचे पुढे फार दिवस राहिले नाहीत. जून २५१ मध्ये आजच्या बल्गेरियातल्या अब्रिटस इथे गॉथांनी त्याला दलदलीत गाठले. तो आणि त्याचा मुलगा दोघे तिथेच पडले. परकीय शत्रूशी लढताना मारला गेलेला तो पहिला रोमन सम्राट. त्याचे प्रेत सापडले नाही. नाणी मात्र बाल्कन प्रदेशातल्या शेतांतून अजून निघतात.

मी आता थिओडोसियसच्या एका बारीक तांब्याच्या नाण्याच्या शोधात आहे, क्रूस स्पष्ट दिसेल असे. दोन्ही नाणी एका डबीत ठेवायची आहेत. माझ्या एका विद्यार्थिनीला ही सगळी गोष्ट सांगितली, तर तिने फक्त एवढेच विचारले, "सर, पण त्यांना शेवटी जेवायला मिळालं का?" मी सूरह पुन्हा उघडून पाहिली. त्याबद्दल तिथे काही लिहिलेले नाही.