रिकामपणाचे वैराग्य

बंगळूरच्या यशवंतपूर स्थानकावर उतरणाऱ्या मराठी माणसाला हा मुलूख परका वाटण्याचे कारण नाही. १६३८ मध्ये बंगळूर विजापूरकरांच्या हाती आले आणि शहाजीराजांनी येथूनच आपल्या कर्नाटकातील जहागिरीचा कारभार चालविला. त्यांच्यामागे ही जहागीर धाकट्या व्यंकोजीराजांकडे गेली. या व्यंकोजीराजांच्या आयुष्यातील एक प्रसंग आज आपल्यापुढे मांडावयाचा आहे.

१६७७ मध्ये कर्नाटकाच्या स्वारीवर आलेल्या शिवाजीमहाराजांनी तिरुमलवाडीस या सावत्र भावाची भेट घेऊन वडिलांच्या दौलतीत वाटा मागितला. व्यंकोजीराजे रात्रीच छावणी सोडून तंजावरास निघून गेले. पुढे त्यांच्या फौजेने लढून पाहिले, हार खाल्ली, आणि तह पत्करावा लागला. बंगळूरचा मुलूख महाराजांनी भावजय दीपाबाईंना चोळीबांगडीसाठी दिला. मान राखला गेला. मन मात्र मोडले. राजांनी आहार, पोशाख, कारभार या सर्वांकडे पाठ फिरविली.

हे वर्तमान ऐकून महाराजांनी त्यांना एक पत्र लिहिले. वैराग्य उतारवयाला शोभते, हे दिवस पराक्रमाचे आहेत. रिकामी फौज बसून खाईल, तिला कामास लावा, असा त्याचा आशय आहे.

जिंकलेल्याने हरलेल्यास उपदेश करणे सोपे असते, असे कोणी म्हणेल. ते खोटे नाही. तरीही महाराजांनी रोग अचूक ओळखला होता. व्यंकोजीराजे आळशी नव्हते. तंजावरचे राज्य त्यांनी स्वबळावर मिळविले होते. माणूस पुष्कळदा सुस्तीमुळे नव्हे, तर दुखावलेल्या अभिमानामुळे निष्क्रिय होतो, आणि मग त्या निष्क्रियतेस विरक्तीचे सोज्वळ नाव देतो. सरकारी नोकरीत डावलले गेल्यावर महिनोन्‌महिने मीही टेबलावरचे कागद तसेच पडू दिले होते. त्यास मी तेव्हा अलिप्तता म्हणत असे! त्या कागदांमागे कोणाचे तरी निवृत्तिवेतन अडलेले होते, हे मला फार उशिरा सुचले.

१६८७ मध्ये बंगळूर मोगलांनी घेतले व ते म्हैसूरच्या चिक्कदेवराजांकडे गेले. तंजावरचे भोसले घराणे मात्र १८५५ पर्यंत नांदले. श्रोतेहो, महाराजांनी भावाला सांगितलेला उपाय साधा होता: उत्साह येण्याची वाट पाहू नये, हातात काम घ्यावे. इच्छाशक्ती पुष्कळदा कामाच्या मागूनच चालत येते.