कॉपरबँडचा गुरुवार

घर पिंपरी-चिंचवडच्या मोशीतलं आहे, त्यात आई आणि मासे पाळणारा मुलगा, आणि ते मी कल्पिलेलं आहे. मासा, पाणी, वीज आणि रस्ता मात्र आहेत तसेच घेतलेत. खाऱ्या पाण्याची टाकी हातची जाते ती अशीच, थोडी थोडी करत, आणि नंतर सगळा दोष 'लाइट गेली' या दोन शब्दांवर टाकून लोक मोकळे होतात. तो दोष ज्याच्या त्याच्या वाट्याला घालावा, म्हणून हा घटनाक्रम.

महिनाभर आधी

तीनशे लिटरची टाकी, दोन क्लाउनफिश, खडक, थोडी मऊ पोवळी. खडकांवर ऐप्टेशिया माजलं. हे फुलासारखं दिसणारं, तणासारखं पसरणारं डंखी समुद्रफूल. ते खाणारा मासा म्हणून कॉपरबँड बटरफ्लाय घरी आला. पांढरं चपटं अंग, त्यावर तांबूस उभे पट्टे, पाठीच्या मागच्या बाजूला डोळ्यासारखा काळा ठिपका, आणि चिमट्यासारखं लांब तोंड. अंदमानपासून फिलिपिन्स, ऑस्ट्रेलियापर्यंतच्या प्रवाळांत हा राहतो. दुकानात येणारा जवळपास प्रत्येक कॉपरबँड समुद्रातून पकडलेला असतो. आयुष्यभर फटींतले किडे टिपलेल्या या माशाला पाकिटातल्या गोळ्या हे खाणं आहे, हेच कळत नाही. गोळी समोरून तरंगत जाते, तो वळून बघतो आणि पुढे जातो.

ऐप्टेशिया त्यानं आठवड्यात संपवलं. मग उपास सुरू झाला. कपाळामागचा भाग खोल जाऊ लागला. ही खूण ओळखीची असते, आणि ती दिसली की पाळणाऱ्याचं जेवणावरून लक्ष उडतं.

शेवटी उपाय सापडला तो पिंपरीच्या मासळी बाजारात. तिसऱ्या आणायच्या, फ्रीझरमध्ये ठेवायच्या, गरजेपुरत्या काढून अर्धं शिंपलं मांसासकट खडकाला टेकवून ठेवायचं. लांब तोंड शिंपल्यात शिरलं, एक तुकडा तुटला, मग दुसरा. जगभरचे पाळणारे या माशाला असंच फसवून खायला शिकवतात. उपाय चांगला आहे. त्याची किंमत एवढीच की उरलेलं मांस तासाभरात बाहेर काढावं लागतं.

बुधवार, रात्री ९:३०

आज त्यानं शिंपल्याला तोंड लावलेलं नाही. उद्या एकाऐवजी चार ठेवू, एखादं तरी आवडेल, असं ठरतं. हे प्रेम आहे, आणि पुढचं सगळं या चारांतून निघणार आहे.

गुरुवार, पहाटे ५:३०

खडकांच्या सांदीत चार शिंपली जातात. टाकीत प्राणवायू सगळ्यात कमी असण्याची वेळ हीच. रात्रभर शेवाळ आणि पोवळ्यांतलं शेवाळही मासे घेतात तसाच प्राणवायू घेत असतं. दिवे लागल्यावर ते परत द्यायला लागतं. त्यातून समुद्राच्या पाण्यात तो मुळातच कमी मावतो. २५ अंशांना गोड्या पाण्यात लिटरमागे सुमारे ८.३ मिलिग्रॅम, खाऱ्यात सुमारे ६.७. गोल्डफिशच्या टाकीत जी चूक पचते ती इथे पचत नाही.

सहा वाजता चाकणची कंपनी बस. उरलेलं मांस काढायचं काम आईला सांगायचं राहून जातं.

सकाळी ९:४५

लाइट जाते. पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकण या पट्ट्यात कारखान्यांची साप्ताहिक सुटी गुरुवारी, म्हणून वाहिन्यांच्या देखभालीची कामंही गुरुवारीच निघतात. आदल्या दिवशी मोबाइलवर संदेश आलेला आहे, पण तो वाचलेला नाही. मुलाच्या कंपनीची सुटी रविवारी असते आणि फोन शॉप फ्लोअरवर चालत नाही, तो लॉकरमध्ये आहे.

सोसायटीचा जनरेटर लिफ्ट आणि जिन्यातल्या दिव्यांपुरता. घरच्या इन्व्हर्टरवर पंखे, दिवे, वायफाय. टाकीचा बोर्ड दुसऱ्या लाइनवर. कॅनिस्टर फिल्टर, पाणी हलवणारा वेव्हमेकर, घाण काढणारा स्किमर, पाणी गार ठेवणारा चिलर, सगळं एका क्षणात थांबतं. आईला फक्त घरघर थांबल्यामुळे बरं वाटतं.

सकाळी १०:४५

पाण्याचा पृष्ठभाग स्थिर झाला आहे आणि त्यावर शिंपल्यांच्या चरबीचा पातळ तवंग आलाय. हवेतला प्राणवायू पाण्यात शिरतो तो या पृष्ठभागातूनच, आणि वरचं पाणी सतत खाली-वर होत राहिलं तरच. आता दार जवळपास बंद.

टाकीखाली, बंद डब्यातल्या फिल्टरमध्ये याहून वाईट चाललंय. अमोनिया पचवणारे लाखो जिवाणू डब्यातला प्राणवायू तासा-दोन तासांत संपवतात. मग ते थांबतात, काही मरतात, आणि त्यांच्या जागी प्राणवायू न लागणारे, सडवणारे जिवाणू वाढतात. डबा गच्च बंद असल्यामुळे बाहेर वासही येत नाही.

दुपारी १२:००

मे महिना. गॅलरीचं दार उघडं, वारा गरम. चिलर बंद असल्यामुळे पाणी २६ वरून २९ वर. गरम पाण्यात प्राणवायू आणखी कमी मावतो आणि माशाला लागतो जास्त. चार शिंपल्यांतलं मांस पांढरं पडून सुटू लागलंय.

सडणाऱ्या मांसातून अमोनिया निघतो. पाण्याचा पीएच ७ असेल तर त्यातला विषारी भाग शंभरात एकही नसतो. समुद्राच्या पाण्याच्या ८.२ पीएचला तो सुमारे सात टक्के होतो. तेवढाच अमोनिया, पण दसपट घातक.

दुपारी १२:४०

जेवणाची सुटी. लॉकर, फोन, संदेश. तो घरी फोन लावतो.

"आई, लाइट आहे का?"

"कधीचीच गेलीय रे. आणि तुझा तो चोचवाला वर येऊन सारखा आ वासतोय."

"आई, तांब्या घे. टाकीतलंच पाणी काढ आणि हातभर उंचीवरून परत ओत. थांबू नकोस. आणि ती शिंपली काढून टाक."

पलीकडे क्षणभर शांतता. आईचा गुरुवार असतो. दत्ताच्या वारी ती घरात मासळी शिजवत नाही, हात लावणं तर दूरच.

"काढते," आई म्हणते. "जीव आहे तो."

दुपारी १:००

तांब्यानं ओतलेल्या पाण्यानं तवंग फुटतो, बुडबुडे खोल जातात. अडाणी वाटणारा हा उपाय खरोखर चालतो. दहा मिनिटांत माशाच्या कल्ल्यांची उघडझाप मंदावते. खडकाच्या मागे पडलेलं चौथं शिंपलं मात्र आईला दिसत नाही. तीन निघाली.

ऑगस्ट २००५ मध्ये न्यू ऑर्लीन्सला कॅटरिना वादळानं झोडपलं, तेव्हा तिथल्या मोठ्या मत्स्यालयाची इमारत टिकली. नंतर जनरेटर बंद पडला आणि हजारो मासे गेले. पेंग्विन आणि समुद्री पाणमांजरं वाचली, कारण त्यांना श्वास घ्यायला हवा होती. बॅकअपची मोठी यंत्रणा असलेल्या ठिकाणी हे होतं, आणि इथे एक बाई तांब्या घेऊन उभी आहे. दर अर्ध्या तासानं पाच मिनिटं ओतायचं, एवढं ती करते. बॅटरीवर चालणारा एक लहान एअर पंप हेच काम दिवसभर करत राहिला असता. अशा पट्ट्यात टाकी ठेवायची तर तो माशाच्या आधी घ्यायला हवा, असं माझं ठाम मत आहे.

दुपारी ३:४५

पाळी सुटते. बस निघते आणि तळेगाव चौकात अडकते. पुणे-नाशिक रस्त्यावरचा हा चौक ज्यांनी पाहिलाय त्यांना पुढचं सांगायला नको. कंटेनर, ट्रेलर, कंपन्यांच्या बसगाड्या, मधून घुसणाऱ्या दुचाकी. पुढे आळंदी फाटा, कुरुळी, चिंबळी फाटा. पंचवीस मिनिटांच्या रस्त्याला आज दोन तास लागणार.

दुपारी ४:५०

लाइट येते. आई हात जोडते, तांब्या जागेवर ठेवते.

घात होतो तो इथे. कॅनिस्टर आपोआप सुरू होतो आणि सात तास बंद डब्यात कुजलेलं पाणी एका दमात टाकीत सोडतो. मेलेले जिवाणू, अमोनिया आणि सडका गाळ, सगळं एकदम. पाणी धुरकट होतं आणि खोलीत कुजक्या अंड्यांचा वास येतो. फिल्टर इतके तास बंद राहिला तर तो आधी उघडून धुवायचा आणि मगच लावायचा, हे बहुतेकांना एकदा मासे गेल्यावरच कळतं. आईला ते कुणी सांगितलेलं नव्हतं. त्यालाही दुकानात कुणी सांगितलेलं नव्हतं.

संध्याकाळी ५:१०

कितीतरी दिवस अर्धपोटी राहिलेल्या कॉपरबँडकडे झुंजायला काही शिल्लक नाही. सशक्त माशानं कदाचित हा तासही काढला असता. तो एका कुशीवर कलतो, सरळ होतो, पुन्हा कलतो. त्याचं अंग आधीच पातळ होतं, म्हणून कलल्यावर समोरून रेषेसारखा दिसतो.

संध्याकाळी ५:५५

मुलगा घरात शिरतो, बूट न काढता फिल्टरचा प्लग उपटतो. वेव्हमेकरचं तोंड वर वळवतो. खडक उचलून चौथं शिंपलं काढतो. नवा कार्बन पिशवीत भरून प्रवाहात टांगतो. सगळं बरोबर करतो. कॉपरबँड ६:२० ला गेला.

रात्री ९:००

अमोनियाच्या चाचणीत रंग पिवळा राहत नाही, हिरवा येतो. क्लाउनफिश तळाशी आहेत, पण सरळ आहेत आणि श्वास जलद. त्यांच्यासाठी किमान साठ लिटर पाणी बदलायला हवं, म्हणजे दोन किलोहून जास्त समुद्री मीठ आणि साठ लिटर आरओचं पाणी. पिंपरी-चिंचवडला नोव्हेंबर २०१९ पासून दिवसाआड पाणी, आणि आज पाण्याचा दिवस नाही. आरओच्या टाकीत आठ लिटर आहे. उद्या सकाळी नळ आला की घरचा आरओ तासाला दहा-बारा लिटर देणार, मीठ विरघळून खारटपणा स्थिर व्हायला आणखी काही तास. म्हणजे पाणी बदलणार शुक्रवारी संध्याकाळी.

तोवर टाकीवर नजर ठेवायला रात्रभर पाळ्या लावायच्या ठरतात. पहिली पाळी आई घेते.