फुकट वाटलेल्या कॅसेटींची दंतकथा

इंटरनेटच्या अर्थकारणावर बोलणाऱ्यांच्या व्याख्यानांत 'ग्रेटफुल डेड' या अमेरिकी रॉक बँडचा दाखला हमखास येतो. श्रोत्यांना मैफली मोकळेपणाने ध्वनिमुद्रित करू दिल्या, त्या कॅसेटी देशभर फुकट फिरल्या, चाहते वाढले आणि तिकिटांवर बँड गब्बर झाला, अशी ती गोष्ट. बँडचेच एक गीतकार जॉन पेरी बार्लो यांनी १९९४ मध्ये 'वायर्ड' मासिकात या धाटणीची मांडणी केल्यावर तिला वजनही आलं. गोष्ट सुटसुटीत आहे, आणि तिथेच शंका येते. बँडची १९६५ ते १९९५ ही तीस वर्षं तारखांच्या क्रमाने लावली तर वेगळंच दिसतं. ध्वनिमुद्रणाची सवय आधी लागली, ती स्वतःचं काम तपासण्यासाठी. परवानगी फार उशिरा आली, तीही गर्दी आवरण्यासाठी. तिला 'धोरण' म्हणायला लागले ते त्याच्याही नंतर.

सुरुवात स्टुडिओतल्या फजितीपासून करावी लागते. १९६९ चा 'आओक्सोमोक्सोआ' हा अल्बम करताना बँडला सोळा ट्रॅकच्या नव्या यंत्राचा नाद लागला आणि वॉर्नर ब्रदर्स कंपनीचं सुमारे १ लाख ८० हजार डॉलरचं देणं डोक्यावर बसलं. त्यातून सुटण्याचा स्वस्त मार्ग म्हणजे तेच तंत्र सॅन फ्रान्सिस्कोच्या सभागृहांत नेऊन चालू मैफल टिपणं. 'लाइव्ह/डेड' हा अल्बम त्यातून निघाला. 'डार्क स्टार' या गाण्याची १९६८ ची स्टुडिओतली तबकडी तीन मिनिटांचीही नव्हती. या अल्बमवर त्याच गाण्याने तेवीस मिनिटं घेतली आणि तबकडीची एक अख्खी बाजू व्यापली. याच अल्बमवर अकरा मात्रांत बांधलेलं 'द इलेव्हन' आहे. ढोलवादक मिकी हार्ट यांनी उस्ताद अल्लारखाँकडे तालाचे धडे घेतले होते, हे ठाऊक असलेल्याला त्या अकरा मात्रांचं नवल वाटणार नाही. अशा संगीताची मूळ प्रत स्टुडिओत तयार होणं शक्यच नव्हतं. ती दर रात्री नव्याने घडत होती, त्यामुळे ती टिपून ठेवण्याला अर्थ होता.

टिपण्याची शिस्त लावली ती ध्वनियोजना सांभाळणाऱ्यांनी. एलएसडी बनवण्यासाठी कुप्रसिद्ध झालेले आउझली स्टॅन्ली मिक्सरवरून रोजची मैफल रिळावर घेत, कारण आपण लावलेला आवाज कसा पोहोचला हे त्यांना नंतर ऐकून पाहायचं असे. या वेडाचं टोक १९७४ ची 'वॉल ऑफ साउंड'. सुमारे ७५ टनांची ही स्पीकरांची भिंत वादकांच्या पाठीमागे उभी राही, म्हणजे श्रोत्यांना जे ऐकू येई तेच वादकांनाही. पण मग भिंतीचा आवाज माइकमध्ये शिरून कर्कश शिट्टी वाजायची. त्यावर उपाय म्हणून प्रत्येक गायकापुढे दोन माइक उलट्या जोडणीने लावले. गायचं एकात, दोन्हींत सारखाच शिरलेला गोंगाट परस्पर कापला जाई. हा डोलारा वाहून नेण्याचा खर्च इतका वाढला की ऑक्टोबर १९७४ नंतर बँडला दौरेच थांबवावे लागले. नफ्याचा हिशेब मांडून चालणाऱ्यांचं हे लक्षण नव्हे.

श्रोते तोवर आपापल्या यंत्रांवर मैफली टिपू लागले होते. अदलाबदलीचा नियम साधा होता: कोरी कॅसेट आणि टपालखर्च पाठवा, भरलेली कॅसेट परत मिळेल, विक्री निषिद्ध. नव्वद मिनिटांच्या कॅसेटची बाजू पंचेचाळीस मिनिटांत संपते आणि या बँडची गाणी न थांबता एकमेकांत मिसळतात, त्यामुळे बाजू कधी पालटायची याचा अंदाज असणं हीच टेपरची, म्हणजे मैफली टिपणाऱ्या श्रोत्याची, कसोटी होती. बँडने बराच काळ याकडे काणाडोळा केला. पुढे माइकच्या काठ्यांचं रान मिक्सरपुढेच माजलं आणि ध्वनियोजकाला रंगमंच दिसेना. तेव्हा कुठे ऑक्टोबर १९८४ मध्ये बर्कलीत टेपरांसाठी मिक्सरच्या मागे वेगळी जागा आणि वेगळी तिकिटं ठेवण्यात आली.

यावर कुणी म्हणेल, हेतू काहीही असो, फायदा तर झालाच ना? झाला, पण किती, ते तपासायला हवं. जुने श्रोते वर्षानुवर्षं टिकले, त्याचं श्रेय कॅसेटींना द्यायला हरकत नाही. १९९३ पासून 'डिक्स पिक्स' या मालिकेत जुन्या मैफली विकत घेणारे त्यांच्यातूनच आले. फुकट मिळत असताना विकत कोण घेणार, या शंकेला ही मालिकाच उत्तर आहे. पण स्टेडियमं भरवणारी लाट आली ती १९८७ च्या 'टच ऑफ ग्रे' या स्टुडिओतल्या गाण्यामुळे. अमेरिकेच्या पहिल्या दहा गाण्यांत पोहोचलेलं त्यांचं हे एकमेव गाणं. या लाटेबरोबर दंगाही आला. २ जुलै १९९५ रोजी इंडियानातल्या डिअर क्रीकला हजारो लोक कुंपण पाडून घुसले आणि दुसऱ्या दिवसाची मैफल रद्द झाली. पुढच्याच महिन्यात, ९ ऑगस्टला, बँडचे गिटारवादक आणि गायक जेरी गार्सिया गेले आणि बँड त्या नावाने पुन्हा उभा राहिला नाही.

दूरदृष्टीचं धोरण असतं तर निदान स्वतःची रिळं तरी नीट सांभाळली गेली असती. ८ मे १९७७ ची कॉर्नेल विद्यापीठातली मैफल आज अमेरिकेच्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रण यादीत आहे. ती टिपली बेटी कँटर-जॅक्सन यांनी. त्यांची हजाराहून अधिक रिळं एका भाड्याच्या गोदामात होती. भाडं थकलं आणि १९८६ मध्ये त्यांचा लिलाव झाला. ती विखुरली, काहींना बुरशी लागली, काही हौशी मंडळींनी स्वच्छ करून प्रती काढल्या. कॉर्नेलची ख्याती या प्रतींनी केली, आणि ती मैफल खरोखर सर्वोत्तम की फक्त सर्वात स्वच्छ टिपलेली, हा वाद त्यामुळेच रास्त ठरतो. अधिकृत अल्बम निघाला तो थेट २०१७ मध्ये. दरम्यान नोव्हेंबर २००५ मध्ये इंटरनेट आर्काइव्हवरच्या मैफली उतरवून घेण्याची सोय बँडच्या बाजूने बंद करण्यात आली. श्रोते खवळले, बहिष्काराची भाषा झाली, खुद्द बार्लो आणि बासवादक फिल लेश यांनी नापसंती दाखवली. काही दिवसांतच श्रोत्यांनी टिपलेल्या मैफली पुन्हा खुल्या झाल्या. मिक्सरवरून घेतलेल्या मात्र तिथेच ऐकायच्या, उतरवून घ्यायच्या नाहीत.