न फिरणाऱ्या डिस्कची गोष्ट



यंदाच्या गणपतीत महाप्रसादाच्या रांगेत एका मित्राने विचारलं, "जुना लॅपटॉप जळगावला आईच्या कपाटात ठेवून आलोय. आत एसएसडी आहे, म्हणजे फोटो सुरक्षितच ना? फिरणारं काही नाहीच, बिघडणार काय?" हातात मसालेभाताचं ताट, मागे रांग, त्यामुळे तिथे नीट उत्तर देता आलं नाही. घरी येऊन लिहायला बसलो आणि लक्षात आलं की हे उत्तर जरा मागे जाऊन, इतिहासापासूनच द्यावं लागेल. लेख लांबला आहे, सांभाळून घ्या.

सुरुवात माझ्यापासून. २००९ च्या शरद ऋतूत मी इथे सनीवेलमध्ये स्वतःच्या हाताने एक डेस्कटॉप जोडला. तेव्हा फ्राइज इलेक्ट्रॉनिक्सचं भलंमोठं दुकान आमच्या शनिवारच्या तीर्थयात्रेचं ठिकाण होतं (२०२१ साली ते बंद पडलं, असो). तिथून इंटेलची एक्स२५-एम, दुसरी पिढी, ८० जीबी, अशी एसएसडी आणली. घाऊक भावच २२५ डॉलर होता, मला त्याहून जास्त पडले. बायको म्हणाली, "एवढ्या पैशात एक टेराबाइटच्या दोन डिस्क आल्या असत्या. आणि ही तर खेळण्यातल्यासारखी हलकी आहे!" हिशेब तिचा बरोबर होता. पण विंडोज ७ घालून मशीन चालू केलं आणि चहा ठेवायला उठायची सवय मोडली. आधी गाळणं शोधेपर्यंत विंडोज येत नसे, आता खुर्चीतून उठेपर्यंत यायला लागलं. प्रोसेसर बदलून जे कधी जाणवलं नव्हतं ते या एका डबीने जाणवलं.

आता जरा मागे जाऊ. फिरणाऱ्या डिस्कचा जन्म आमच्याच शेजारी, सॅन होजेमध्ये, आयबीएमच्या प्रयोगशाळेत झाला. १९५६ सालचं ते रॅमॅक यंत्र: २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या आणि साठवण सुमारे ५० लाख अक्षरांची. नंतर तबकड्या लहान झाल्या, साठवण लाखो पटींनी वाढली, पण मूळ गोष्ट तीच राहिली. तबकडी फिरणार, डोकं योग्य जागी सरकणार, मग वाचणार. त्या सरकण्यालाच काही मिलीसेकंद लागतात, आणि संगणकाच्या हिशेबात मिलीसेकंद म्हणजे एकादशीचा उपास.

न फिरणाऱ्या डिस्कचं मूळ आहे १९६७ सालच्या बेल लॅब्जमध्ये. डावोन कांग आणि सायमन झी यांनी ट्रान्झिस्टरमध्ये एक जादा थर घातला, चहूबाजूंनी निरोधकाने वेढलेला, कशालाच न जोडलेला. म्हणून त्याला फ्लोटिंग गेट म्हणतात. जोरदार व्होल्टेज देऊन त्यात इलेक्ट्रॉन कोंडायचे. वीज गेली तरी ते आतच अडकून राहतात. इलेक्ट्रॉन आहेत की नाहीत, यावरून शून्य की एक ते कळतं. १९७१ साली इंटेलमध्ये डॉव फ्रोमन यांनी याच कल्पनेवर ईप्रॉम बनवली.

ईप्रॉम माझ्या वयाच्या इंजिनिअर मंडळींना आठवत असेल. सांगलीला आमच्या लॅबमध्ये ८०८५ च्या किटवर ती असे. चिपच्या पाठीवर काचेची छोटी खिडकी. पुसायचं असेल तर चिप अतिनील दिव्याखाली वीसेक मिनिटं ठेवायची, आणि एरवी ऊन लागून पुसली जाऊ नये म्हणून खिडकीवर कागदाचा चिकटा. आमच्या एका सबमिशनच्या आदल्या रात्री कुणीतरी चुकीची चिप दिव्याखाली ठेवली होती. कुणी ते अजून कबूल केलेलं नाही.

चिप अख्खी पुसावी लागते, तीही दिव्याखाली, ही अडचण तोशिबाच्या फुजिओ मासुओकांनी सोडवली. विजेनेच पुसायचं, पण एकेक बाइट नव्हे, मोठा गठ्ठा एकदम. कॅमेऱ्याच्या फ्लॅशसारखं झटक्यात पुसलं जातं म्हणून त्यांचे सहकारी शोजी आरिइझुमी यांनी 'फ्लॅश' हे नाव सुचवलं. १९८४ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या परिषदेत मासुओकांनी हे मांडलं आणि १९८७ साली त्याहून दाटीवाटीची रचना, नॅन्ड फ्लॅश. आज फोनपासून डेटा सेंटरपर्यंत जे चालतं ते हेच नॅन्ड. आणि मासुओकांना काय मिळालं? तोशिबा सोडून ते विद्यापीठात गेले, २००४ साली मोबदल्यासाठी जुन्या कंपनीवर दावा लावला, आणि २००६ साली ८ कोटी ७० लाख येनवर तडजोड झाली. त्यांच्या शोधावर उभ्या राहिलेल्या उद्योगाकडे पाहिलं तर हे चणेफुटाणेच.

फ्लॅशची डिस्क बनवायची ही जिद्द मात्र आमच्या या व्हॅलीतली. १९८८ साली एली हरारी, संजय मेहरोत्रा आणि जॅक युआन यांनी सनडिस्क काढली. मेहरोत्रा मूळचे कानपूरचे, पिलानीहून बर्कलीला आलेले. १९९१ साली त्यांनी आयबीएमला लॅपटॉपसाठी २० एमबीची फ्लॅश डिस्क दिली, किंमत सुमारे हजार डॉलर. आज त्यात मोबाइलवरचे चार फोटो मावतील. पुढे सन मायक्रोसिस्टिम्सशी घोटाळा होऊ लागला म्हणून १९९५ साली नाव सॅनडिस्क झालं.

आता या डिस्कची गंमत समजून घ्यायची तर चाळ डोळ्यांसमोर आणा. नॅन्डमध्ये लिहिता येतं एकेका खोलीत, पण पुसायचं तर अख्खा मजला रिकामा करावा लागतो. म्हणून एका खोलीत काही बदल करायचा असेल तर नवा मजकूर दुसऱ्याच कुठल्यातरी रिकाम्या खोलीत जातो, जुनी खोली 'बाद' ठरते. बऱ्याच खोल्या बाद झाल्या की उरलेले भाडेकरू हलवून मजला धुऊन घ्यायचा. शिवाय प्रत्येक धुण्याने भिंती थोड्या झिजतात, म्हणून सगळे मजले सारखे वापरायचे. हे सगळं सांभाळणारा मॅनेजर म्हणजे कंट्रोलर. कुठला भाडेकरू सध्या कुठे राहतो याची वही त्याच्याकडेच. फाइल डिलीट केली की ती खोली सुटली, हे ऑपरेटिंग सिस्टिमने त्याला कळवायचं असतं; त्या निरोपाला ट्रिम म्हणतात, आणि तो विंडोज ७ पासून मिळायला लागला. त्याआधीच्या एसएसडी काही महिन्यांत मंदावत, त्याचं एक मोठं कारण हेच.

ही वही पुढे फार महत्त्वाची ठरणार होती.

२०१२ च्या सुरुवातीला मी लॅपटॉपमध्ये दुसरी एसएसडी घातली, १२० जीबी, वेगळ्या कंपनीची. नाव लिहीत नाही. त्या उन्हाळ्यात बाबा सहा महिने आमच्याकडे होते. एका रविवारी मी त्यांना समोर बसवून पानशेतच्या पुराची हकीकत रेकॉर्ड केली. १२ जुलै १९६१, बाबा तेव्हा पुण्यात कॉलेजला. चाळीस मिनिटं न थांबता बोलले. मी ते लॅपटॉपवर उतरवलं, कॅमेऱ्याचं कार्ड पुसलं, आणि बॅकअपच्या डिस्कवर "पुढच्या रविवारी" घालायचं ठरवलं. बाबा परत गेले, जानेवारीत गेलेच. एप्रिलमध्ये एका सकाळी लॅपटॉप म्हणाला, डिस्क सापडत नाही.

जुनी हार्ड डिस्क मरताना टकटक करते, कुरकुरते, चार दिवस आधी सांगून जाते. ही काहीच बोलली नाही. रात्री चालू होती, सकाळी नव्हती. डेटा काढून देणाऱ्या एका कंपनीकडे पाठवली. तीन आठवड्यांनी उत्तर आलं: चिप ठीक आहेत, कंट्रोलर गेला आहे. तो लिहिताना सगळं सांकेतिक करून लिहीत होता, त्यामुळे चिप वाचल्या तरी उपयोग नाही. म्हणजे चाळ उभी, प्रत्येक खोलीत माणूस आहे, पण मॅनेजर वहीसकट गेला. पैसे घेतले नाहीत, तेवढंच.

ताईला त्या वेळी ईमेलने तीन मिनिटांचा एक तुकडा पाठवला होता, तो उरला.

दैवाचा खेळ असा की ज्या भीतीने मी रात्र रात्र जागलो होतो, ती खोटी ठरली. २००९ मध्ये आम्ही सगळे 'झिजण्या'ला घाबरत होतो. एका पेशीत एक बिट असेल तर लाखभर वेळा पुसता येते, दोन बिट असतील तर दहा हजार, पुढे तीन, मग चार बिट कोंबले तसा आकडा हजारावर आणि त्याखाली आला. मीही ब्राउझरचा कॅश हलव, स्वॅप फाइल जुन्या डिस्कवर टाक, असे उद्योग केले. पुढे २०१३ ते २०१५ मध्ये टेक रिपोर्टने सहा एसएसडी मरेपर्यंत लिहून पाहिल्या. सगळ्यांनी ७०० टेराबाइट ओलांडले, शेवटची २.४ पेटाबाइटपर्यंत टिकली. माझी एक्स२५-एम २०१९ साली निवृत्त केली तेव्हा दहा वर्षांत ११ टेराबाइट लिहून झालं होतं आणि झिजेचा आकडा १०० वरून ९६ वर आला होता. पेशी झिजून नव्हे, मॅनेजर मरून डिस्क जाते, हा माझा अनुभव. इतरांचा वेगळा असू शकेल. २०१३ पासून सॅमसंगने पेशी एकावर एक रचायला सुरुवात केली, तेव्हा २४ मजले होते, आता तीनशेच्या वर गेलेत, त्यामुळे पेशी फार बारीक करायचा अट्टाहास थोडा कमी झाला.

आता जळगावचं कपाट. कोंडलेले इलेक्ट्रॉन कायमचे कोंडलेले नसतात, हळूहळू गळतात. जेडेकच्या नियमाप्रमाणे घरगुती एसएसडीने, तिची लिहिण्याची ठरलेली मर्यादा पूर्ण संपल्यावर, वीज नसताना ३० अंशांत एक वर्ष डेटा धरून ठेवला पाहिजे. २०१५ साली हे अर्धवट वाचून बरीच घबराट पसरली होती. कमी वापरलेली डिस्क याहून कितीतरी जास्त धरते. पण उष्णता वाढली की गळती वाढते, आणि जळगावचा मे महिना ३० अंशांचा नसतो. मी स्वतः २०१५ साली पुण्याच्या घरी ठेवलेली एक स्वस्तातली एसएसडी कोविडनंतर, २०२१ च्या डिसेंबरात जोडली. चालू झाली, पण वाचताना रडतखडत, आणि बारसं-मुंजीचे काही फोटो अर्धे करडे निघाले. तेव्हा मित्रा, या खेपेला जळगावला जाशील तेव्हा आधी तो लॅपटॉप लाव आणि सगळं एका साध्या फिरणाऱ्या डिस्कवर उतरव. एक प्रत आईकडे, एक तुझ्याकडे.

माझ्याकडे सध्या पाच एसएसडी आहेत. दरवर्षी खंडेनवमीला पाना-पक्कड, सोल्डरिंग आयर्नच्या जोडीला त्याही पाटावर मांडतो, हळदकुंकू वाहतो, मग एकेक जोडून सगळ्या फाइली वाचून काढतो, कारण नुसती वीज दिल्याने भागतंच असं नाही. बायको हसते. २००९ ची ती ८० जीबी अजून लागते. ताईकडून आणलेला तुकडा त्यावरही ठेवलाय. बाबा लकडी पुलापर्यंत पोचतात, "आणि मग मागे वळून बघतो तर" म्हणतात, तिथे तो संपतो.

चू.भू.द्या.घ्या.