रिकाम्या घरातले मूलद्रव्य

आवर्तसारणी शिकवताना 43 अणुअंकाच्या घरावर आपण क्वचितच थांबतो. मँगनीजच्या खालचे हे घर 1937 पर्यंत रिकामे होते. या मूलद्रव्याचा एकही समस्थानिक स्थिर नाही. त्यामुळे पृथ्वीच्या जन्मावेळी असलेला साठा केव्हाच संपून गेला.

1937 साली अमेरिकेतील बर्कले येथून लॉरेन्स यांनी सायक्लोट्रॉनमधील मोलिब्डेनमची एक निकामी पट्टी इटलीतील पालेर्मोला, सेग्रे यांच्याकडे पाठवली. सेग्रे व पेरिए यांना त्या पट्टीत 43 वे मूलद्रव्य सापडले. माणसाने घडवलेले म्हणून त्याचे नाव पुढे ‘टेक्नेशियम’ ठेवण्यात आले. 1938 मध्ये सेग्रे व सीबोर्ग यांनी त्याचे टेक्नेशियम-99 एम हे रूप शोधले. त्याचे अर्धायुष्य अवघे 6 तास!

इतके अल्पायुषी द्रव्य रुग्णालयापर्यंत पोहोचणार कसे? उत्तर ब्रुकहेवन प्रयोगशाळेत मिळाले. मोलिब्डेनम-99 चे अर्धायुष्य 66 तास असते व त्याच्या ऱ्हासातून टेक्नेशियम तयार होत राहते. म्हणून मोलिब्डेनमच रुग्णालयात पाठवायचे आणि मिठाच्या पाण्याने टेक्नेशियम धुऊन घ्यायचे. जणू रोज सकाळी गाईची धार काढावी तसे. याला बाजारात फारशी मागणी नसेल, असे वाटून 1958 मध्ये त्याचे पेटंटही घेतले गेले नाही.

परंतु 1960 नंतर डॉक्टरांना त्याचे मोल कळले. क्ष-किरणांनी अवयवाची रचना दिसते, तर या तपासणीत त्याचे काम दिसते. टेक्नेशियम फॉस्फेटसारख्या संयुगाला जोडून टोचले की जिथे हाड नव्याने बनत असते तिथे ते अधिक साठते. बाहेरचा गॅमा कॅमेरा ती जागा टिपतो. हाडात पसरलेला कर्करोग अशा रीतीने बरेचदा क्ष-किरणचित्राआधीच लक्षात येतो. संयुग बदलले की मूत्रपिंडाचे काम किंवा हृदयाच्या स्नायूंचा रक्तपुरवठा तपासता येतो. काही तासांत किरणोत्सार ओसरतो, म्हणजे अल्पायुष्य हाच इथे गुण ठरतो.

त्याची दुसरी बाजूही आहे. जे टिकत नाही ते साठवता येत नाही. मे 2009 मध्ये कॅनडातील चॉक रिव्हरची जुनी अणुभट्टी गळतीमुळे सुमारे 15 महिने बंद पडली, तेव्हा अनेक देशांत रुग्णांच्या तपासण्या लांबल्या.

यापुढे वर्गात आवर्तसारणी उघडली, की 43 व्या घरावर क्षणभर थांबूया.