गाडीची बॅटरी उतरली? डीलरकडे जाण्याआधी हे तपासा
सेल्फ मारल्यावर नुसतं 'टक-टक' वाजतं, दिवे मंद पेटतात, तर बॅटरी उतरली असण्याची शक्यता जास्त. आधी टर्मिनल सैल आहेत का, त्यावर पांढरी पूड साचली आहे का, ते बघा. गाडी बंद असताना चांगली बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. इंजिन चालू करूनही व्होल्टेज वाढत नसेल, तर दोष अल्टरनेटरचा असू शकतो; मग नवी बॅटरीही पुन्हा उतरेल.

वॉरंटीसाठी बिल आणि शिक्क्याचं कार्ड जपा, सिरियल नंबरचा फोटो ठेवा. 'प्रो-राटा' मुदतीत नवी बॅटरी फुकट नव्हे, सवलतीत मिळते. डीलरने बॅटरी तपासणीला ठेवून घेतली, तर लेखी पोच घ्याच. टाळाटाळ झाल्यास ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला जिल्हा ग्राहक आयोगात फी लागत नाही.